तू मला पलीकडच्या काठावर बसवलंस

दिगंबर, तू मला अकरा वर्षं फसवलंस आणि ते मला तुझ्या तेरवीच्या पंगतीत कळलं. हातात बुंदीचा लाडू होता, निम्मा खाल्लेला. उरलेला निम्मा मी पत्रावळीत तसाच ठेवला. माझ्या पानात गोड उरलेलं तू जन्मात पाहिलं नसशील, त्यावरून काय झालं असेल ते समजून घे.

पण क्रमाने सांगतो. मला मधूनच सुरुवात केलेली आवडत नाही, आणि तुला आता घाईही नाही.

तुझ्या दारात मांडव होता. खुर्चीवर तुझा फोटो, हार घातलेला. शिरड शहापुरातल्या यच्चयावत माणसांचे पासपोर्ट फोटो तू काढलेस, पण तुझा स्वतःचा धड एक फोटो सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातला कापून मोठा केला. तुझ्या खांद्यावर एक हात दिसतो, तो माझा. बाकीचा मी कापला गेलो. हे तुझ्या पद्धतीला धरूनच झालं म्हणायचं.

मग कुणीतरी म्हणालं, वसंतराव, दोन शब्द बोला. माझ्या हातात माईक आला की काय होतं ते तुला माहीत आहे. मी पाऊण तास बोललो. आधी लोक रडले, मग हसले, आणि एवढे हसले की तुझ्या चुलत्याने मला दोनदा डोळे वटारून दाखवले. मी सांगितलं की स्टुडिओच्या भिंतीवरच्या फोटोंत तुम्ही जी नदी बघता ती निम्मी दिगंबरची आणि निम्मी माझी आहे. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला पूर्णेवर एक छोटा बंधारा आहे, त्याच्या पाठीमागे पाणी अडून डोह झालाय. दिवस कलला की वारा पडतो, पाणी बसतं आणि पाऊण तास ते वाटीतल्या थिजल्या तुपासारखं होतं. झाडं, बगळे, आभाळ, सगळं उलटं होऊन खाली उतरतं. पण एका म्हशीने पाण्यात पाय घातला की सगळं मोडलं. आणि पलीकडच्या काठावर सोपानमामांच्या सात म्हशी. म्हणून दिगंबर मला बंधाऱ्यावरून पलीकडे पाठवायचा. माझं काम एकच. सोपानमामांना गोष्टीत असं गुंतवायचं की म्हशी पाण्यात सोडायचं त्यांना सुचूच नये. मंडळी, मी म्हणालो, सरकार धरण बांधून नदी थांबवतं, मी नुसत्या तोंडाने थांबवली.

टाळ्या पडल्या. तेरवीला टाळ्या घेणारा मी तालुक्यातला पहिलाच असेन.

सोपानमामा मागच्या रांगेत बसले होते. ते हसले नाहीत. पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसले, भात कालवला, दोन घास खाल्ले आणि खाली बघतच म्हणाले, "वसंतराव, राग नका धरू. म्हशी तर पाचलाच पाण्यातून वर येत्यात. तुमी येईपस्तोर वाळून रवंथ करून राहिलेल्या असायच्या. दिवस बुडताना काहून पाण्यात सोडील मी?"

मी विचारलं, मग तुम्ही रोज तिथं थांबायचात कशाला.

"दिगंबररावांनी सांगून ठेवलं व्हतं. वसंतरावाला बोलतं ठेवा म्हणून."

त्यांची बायको गेली तेव्हा घरात तिचा एकही फोटो नव्हता म्हणे, नुसता मतदान कार्डावरचा, शिक्का पडलेला. तू त्यावरून बसून बसून शिक्का काढलास, कपाळाला कुंकू लावलंस आणि भिंतीएवढी तसबीर करून दिलीस. मामांनी काय द्यायचं विचारलं तर म्हणालास, काही नको, रोज सांजच्याला माझ्या दोस्ताचं ऐकून घेत जा.

तर हे असं, दिगंबर. अकरा वर्षं मला वाटत होतं की मी सोपानमामांना धरून ठेवलंय, आणि ते मला धरून बसले होते. माझा सगळ्यात चांगला श्रोता. घरी माझी बायको दुसऱ्या वाक्याला उठून जाते. दुकानात बाया बांगड्या हातात चढवेपर्यंत ऐकतात, पुढं नाही. एकटे सोपानमामा काय ते "मंग?" म्हणायचे, कालची गोष्ट कुठं राहिली ते ध्यानात ठेवायचे, हसता हसता त्यांना ठसका लागायचा. तो ठसका तू नेमलेला होता. मला माणसं हसवता येतात एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात छातीठोकपणे सांगत आलो, आणि तिच्यातही तू बसलेला निघालास.

आणि मामांचं अजून संपलं नव्हतं. ताकाची वाटी तोंडाला लावून ते म्हणाले की दिगंबरराव गेल्या महिन्यापस्तोर येत होते. रोज न्हाई, पण आठवड्यातून तीन-चारदा.

इथं तो लाडू राहिला.

कारण दिगंबर, दीड वर्षापूर्वी तू मला सांगितलंस की गुडघा गेला, काठावरच्या दगडावर बसवत नाही, कॅमेरा कपाटात ठेवून दिला. माझ्या दुकानाच्या आणि तुझ्या स्टुडिओच्या मधे एक भिंत. दिवसाआड चार वाजता तुझं शटर पडायचं आणि तू म्हणायचास, औंढ्याला मालिशला जाऊन येतो. मी तुझा हात माझ्या खांद्यावर घेऊन तुला मोटारसायकलपर्यंत पोचवायचो. तू लंगडायचास. काय सुंदर लंगडायचास! आपल्या दोघांत नट मी, अशी माझी समजूत होती. माझ्या बायकोने तिळाचं तेल ओवा घालून कढवून दिलं, एक नाही, पाच बाटल्या. त्या तेलाचं काय झालं ते मी मामांना विचारलं.

"म्हशीच्या शिंगाला लावलं," ते म्हणाले. "लई चकाकत्यात."

माझ्याबद्दल त्यांनी तुला विचारलंही होतं. तर तू म्हणालास, त्याचं दुकान जोरात आहे, त्याला सवड न्हाई. माझं दुकान. जोरात.

मी घरी आलो तो तावातावाने. बायकोला म्हणालो, माझं तोंड स्वतःपासून लांब ठेवायला मला पलीकडे बसवत होता, शेवटी तेवढंही सोसेना म्हणून मला काढूनच टाकलं. ती म्हणाली, तुम्हाला अकरा वर्षं सोसलं तो माणूस देवच म्हणायचा. अशा घरात मी राहतो.

तुला आठवतं ना, आपलं एकच भांडण होतं आणि ते कधी मिटलं नाही. मी म्हणायचो, दिग्या, तुझ्या फोटोत माणूस का नाही? माणसाशिवाय नदी म्हणजे नुसता ओलावा. तू म्हणायचास, माणूस आला की लोक माणसाकडं बघतात, पाण्याकडं कुणी बघत न्हाई. मी म्हणायचो, मग निदान एकदा मला घे, पलीकडे एवढासा ठिपका म्हणून घे. तू स्टँडचे पाय आवळत म्हणायचास, तू ठिपका होऊन गप बसशील का? यावर मला जे उत्तर द्यायचं होतं ते अजून सुचलेलं नाही. सुचलं असतं तरी आता कुणाला देऊ?

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी माझं शटर पाडलं आणि डोहावर गेलो. तुझ्या दगडावर बसायला. हे लक्षात घे, त्या वेळी त्या काठावर मी कधी बसलोच नव्हतो. गाडी लावली की तू मला हुसकायचास, "जा, पाणी बसायच्या आत जा," आणि मी बंधाऱ्यावरून धावत पलीकडे. तुझा दगड बुडाच्या आकाराचा गुळगुळीत झालाय. त्याच्यापुढं जमिनीत तीन भोकं आहेत, तुझ्या स्टँडच्या पायांची. मी त्यांच्यात काड्या घालून पाहिल्या. वीतभर खोल.

ऊन पिवळं झालं. वारा पडला. पलीकडची करंजं पाण्यात उतरली, तळापर्यंत. एक खंड्या फांदीवरून उडाला आणि दोन उडाले. मला तुझ्याबद्दल राग होता तरी मी ते बघितलं, खोटं कशाला बोलू.

पलीकडे सोपानमामा आले, त्यांच्या जागेवर बसले. मी इकडे आहे हे त्यांना दिसलं नसावं. त्यांनी मोबाईल काढला आणि लेकीला फोन लावला. आणि दिगंबर, मला सगळं ऐकू आलं. नातीला ताप आहे, तो उतरला, तिला पेज द्या, मिरची नका देऊ. त्यांनी तंबाखू मळली ती मळल्याचा आवाज आला. मधे एवढं पात्र, पण पाणी बसलं की त्या डोहावरून आवाज असा सरळ येतो की माणूस मांडीला मांडी लावून बोलतोय.

अकरा वर्षं मला वाटत होतं की पलीकडचं तुला काही ऐकू येत नाही. कारण तुझ्याकडून मला कधी काही ऐकू आलं नाही. तू बोलतच नव्हतास, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मग एकेक आठवू लागलं. नुसतं लांब ठेवायचं असतं तर तू मला धरणावरच्या हॉटेलात चहाला बसवलं असतंस. तू मामांना 'त्याला गुंतवा' म्हणाला नाहीस, 'बोलतं ठेवा' म्हणालास. जवळ बसून माझं बोलणं ऐकलं तर माणूस वैतागतो, हे माझी बायको लिहून देईल. तू मला बरोबर तेवढ्या अंतरावर बसवलंस, जिथून मी तुला सोसवेन. आणि मग डोळा कॅमेऱ्याला लावून, रोज, फुकट, सगळा कार्यक्रम ऐकलास. एवढं कळल्यावर माझा राग मावळायला हवा होता. तो मावळू लागलाही. आणि तेवढ्यात मला ती गोष्ट आठवली.

तुझा तो मोठा फोटो. काठावरचं वाकलेलं अर्जुनाचं झाड आणि पाण्यात त्याचंच दुसरं, दोन्ही मिळून पुरी गोल कडी. जिल्ह्याच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं, कॅलेंडरवर छापून आला, हिंगोलीपासून आखाडा बाळापूरपर्यंत दुकानांमध्ये लागला. खाली तुझं नाव. एकदा परतताना तू भर रस्त्यात गाडी थांबवलीस, खाली उतरलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "वश्या, तो फोटो माझा न्हाई. शकूनं काढला." तो फोटो निघाला त्या दिवशी शकुंतला वहिनी तुझ्याबरोबर आल्या होत्या. तुझी चप्पल गाळात रुतली, ती काढायला तू खाली उतरलास, आणि त्यांनी कॅमेऱ्यातून डोकावून बटण दाबलं. तू वर येईपर्यंत ऊन गेलं होतं. त्या दिवशीचा तो एकच फोटो. बक्षीस आलं तेव्हा त्या म्हणाल्या, राहू द्या तुमच्याच नावावर. तू राहू दिलंस. त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही, आणि तुला ते कुणाला सांगताही येईना. कुणाला सांगू नको, म्हणालास मला. मी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

आठ दिवस दम काढला. माझ्या मानाने फार झाले. नवव्या दिवशी पलीकडच्या काठावर मी सोपानमामांना तो सगळा प्रकार करून दाखवला. गाळातली चप्पल केली, वहिनींचं बटण दाबणं केलं. आणि तुझा आवाज काढला, लाडावलेला, लबाड: "शकू राणी, कुणाला सांगू नको गं, बक्षीस मला घेऊ दे." हे वाक्य तू मला सांगितलेलं नव्हतंस. ते मी घातलं. गोष्टीला तेवढं लागतं, असं मला त्या वेळी वाटलं. मामांना एवढा ठसका लागला की मी त्यांची पाठ चोळली.

परतताना शिरडची वेस आली तेव्हा म्हणालास, "आज पाणी लई गप होतं." मी मागे बसून म्हणालो, मग, कुणामुळं? आणि स्वतःच हसलो.

पुढच्या आठवड्यात तुझा गुडघा गेला.

आता मी तुझ्याशी भांडतो, कारण ते भांडण तू मला दिलं नाहीस. मी चुकलो. नागवा चुकलो. पण म्हणून तू मला तिथंच, रस्त्यात, गाडीवरून उतरवायला हवं होतंस. कॉलर धरायची, आईबापावरून शिव्या द्यायच्या, भर बाजारात माझ्या बांगड्यांवर लाथ मारायची. तो माझा हक्क होता. आठ-पंधरा दिवस आपण बोललो नसतो, मग मी रडकं तोंड करून चहा घेऊन आलो असतो आणि मिटलं असतं. तू काय केलंस? लंगडलास. दीड वर्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून लंगडलास आणि एका सकाळी शटर उघडायलाच आला नाहीस. मी तुला दगा दिला तो एका संध्याकाळचा. तुझा दीड वर्षाचा आहे. दोन्ही तराजूत घालून पाहिले, माझं पारडं हलकं आहे असं मला आजही म्हणता येत नाही, आणि त्याचा राग वेगळाच.

वहिनींना सांगितल्याशिवाय गत नव्हती. तुझ्या स्टुडिओतल्या मागच्या निळ्या पडद्याची त्या घडी करत होत्या. मी सगळं सांगितलं, लपवलं काही नाही, हावभावही केले नाहीत. त्यांनी पडद्याची पूर्ण घडी होऊ दिली. मग म्हणाल्या, "तरीच. त्या दिवशी ते जेवले न्हाईत. मला म्हणले, शकू, माझा आवाज लबाड आहे का गं? मी ईचारलं, कोण म्हणलं. तर सांगितलं न्हाई."

नाव सांगितलं नाहीस तू माझं. बायकोलासुद्धा. मी आठ दिवस थांबलो होतो, तू मरेपर्यंत.

वहिनी म्हणाल्या, "ती नक्कल मला ऐकायची आहे, भाऊजी."

नाही जमणार म्हणालो. मंत्री आले, तहसीलदार आले, कुणाचीही नक्कल मी मागितल्याबरोबर केली आहे, पण तुझ्या स्टुडिओत, तुझ्या स्टुलावर बसून मला तुझा आवाज काढवेना.

"इथं नका करू," त्या म्हणाल्या. "तिथंच करा. त्यांनी ऐकली तशी मला ऐकू द्या."

काल गेलो. रिक्षात वहिनी, माझी बायको आणि मी, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी शिरड ते डोह एक शब्द बोललो नाही. बायकोने दोनदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. वहिनी तुझ्या दगडावर बसल्या. त्या तीन भोकांकडे त्यांनी पाहिलं आणि पाय जरा बाजूला घेतले. मी बंधाऱ्यावरून पलीकडे गेलो. सोपानमामा जागेवर होते, म्हशी वर होत्या, शिंगं खरोखरच चकाकत होती. मामांना मी म्हणालो, आज तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, उठून गेलात तरी चालेल. ते म्हणाले, "त्या चपलीचं सांगणार असाल तर थांबतो."

वारा पडला. पाणी बसलं. समोर तुझा काठ उलटा होऊन खाली उतरला, दगड, आणि दगडावर पांढरं लुगडं. तुझ्या नियमाप्रमाणे फोटो बिघडला होता, माणूस आला होता. मी मात्र पाण्याकडंच बघत होतो.

मी सुरू केलं. गाळ केला, चप्पल केली. तुझा आवाज लावला. आणि त्या लबाड वाक्याशी आलो तेव्हा ते वाक्य काही येईना. मी थांबलो. मामा "मंग?" म्हणाले नाहीत. मग मी तुझ्या आवाजात, हळू, शेजारच्याशी बोलावं तेवढ्याच हळू, तू रस्त्यात गाडी थांबवून जे म्हणाला होतास ते म्हणालो. "तो फोटो माझा न्हाई. शकूनं काढला."

एवढंच.

मग पलीकडून वहिनींचा आवाज आला, त्यांनीही तो चढवला नव्हता. "भाऊजी, त्यांचा आवाज एवढा जाड नव्हता. जरा बारीक करा. परत म्हणा."

मी परत म्हणालो.

"'न्हाई' वर ते जरा थांबायचे."

मी तिसऱ्यांदा म्हणालो. 'न्हाई' वर थांबलो. पलीकडून दुरुस्ती आली नाही.